रात्री काढलेली चित्रं कागदावर काळी का पडली?

एका चित्रकर्तीने टॅब्लेटवर काढलेली चित्रं आमच्या छापखान्यात ठशांमध्ये कशी उतरली, त्याची ही हकिकत. काम साडेसात महिने चाललं. त्यातले पहिले दोन महिने मी चुकीच्या वाटेवर घालवले. ती वाट बरोबर आहे असं मला का वाटलं, हे आधी सांगते, कारण डिजिटल चित्र छापणारे बहुतेक जण याच वाटेने जातात.

ही चित्रकर्ती म्हणजे ताई, मूळच्या तैलरंगात काम करणाऱ्या. वडील अंथरुणाला खिळले आणि रात्रीची जागरणं ताईंकडे आली. खोलीत दिवा लावला की वडिलांची झोप मोडायची, टर्पेंटाइनच्या वासाने खोकल्याची उबळ यायची. टॅब्लेटची अशी काही अडचण नव्हती. पडदा स्वतःच उजेड देतो, स्टायलसचा आवाज होत नाही, आणि हाक आली की तो पालथा ठेवून लगेच उठता येतं. वर्षभरात अशी 27 चित्रं झाली. वडील गेल्यानंतर चार महिन्यांनी ती फाइल्समध्ये घेऊन ताई आमच्याकडे आल्या.

त्यांनी स्वतःला काही नियम घालून घेतले होते. एकच लेयर. तीनच ब्रश, त्यातही एकाचा वापर नावापुरता. झूम करायचं नाही. आणि अनडू अजिबात नाही. हे शेवटचं मला पटेना, म्हणून कारण विचारलं.

"अगं, तैलरंगात चूक झाली की तिच्यावरच पुढचा फटकारा येतो. खरवडून काढलं तरी खाली काहीतरी उरतं. अनडू केलं की खाली काहीच उरत नाही. मग चित्र कशावर उभं राहणार?"

हे बोलणं मी तेव्हा ऐकून घेतलं, पण ते मुद्रणालाही लागू आहे हे कळायला बराच वेळ गेला.

चौदावं चित्र घ्या. पांघरुणावर पडलेला वडिलांचा उजवा हात. मागे भिंत, बाजूला तिपाई, तिपाईवर पेला. ब्रशचा दाब फक्त रंगाच्या दाटपणाला जोडलेला होता, जाडीला नाही. त्यामुळे सगळे फटकारे एकाच रुंदीचे, पण कुठे धुरासारखे विरळ, कुठे घट्ट. अंगठ्याच्या मुळाशी एकावर एक सात-आठ फटकारे आहेत आणि त्यांतला प्रत्येक वेगळा दिसतो. पहिला चुकला म्हणून दुसरा, दुसरा जरा वर गेला म्हणून तिसरा. त्या गर्दीतूनच हाताचं वजन जाणवतं. स्क्रीनवर ते चित्र पाहताना मी बराच वेळ काही बोलले नव्हते.

आणि त्याच चित्राचा पहिला प्रिंट बाहेर आला तो कोळशाच्या पोत्यासारखा. हात नाही, पेला नाही, भिंत आणि पांघरूण एकच. जिथे काही दिसत होतं, तिथे निळसर छटा होती. रुग्णाची खोली नव्हे, पाण्याखालची जागा वाटावी असली.

छापणाऱ्याला असा प्रिंट नवा नसतो. चित्र स्क्रीनवर उजेडाने बनतं, कागदावर परावर्तनाने. मॅट कॉटन कागदावर पिगमेंट शाईचा (रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा) सर्वात गडद काळा साधारण 1.6 ते 1.7 घनतेचा येतो, म्हणजे पडलेल्या उजेडातला दोन-अडीच टक्के तरी तो परत फेकतोच. कागदाचा पांढरा नव्वद टक्क्यांच्या आसपास. दोन टोकांमधलं अंतर जेमतेम चाळीसपट. चांगल्या स्क्रीनवर हेच अंतर हजारपट किंवा त्याहून जास्त असतं. म्हणजे गडद छटांच्या पायऱ्या कागदावर चेपल्या जाणारच. पण इथे प्रकार त्यापलीकडचा होता, कारण मी फाइलचा हिस्टोग्राम, म्हणजे गडद-फिक्या छटांचा आलेख, उघडला तर 255 पैकी 40 च्या खालीच जवळजवळ सगळं चित्र.

उलगडा झाला तो ताईंना रात्रीची खोली बारकाईने विचारली तेव्हा. दिवा बंद. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो, आणि त्या तर चार-चार तास अंधारात बसलेल्या. अशा डोळ्यांना मंद केलेला पडदाही लख्ख दिसतो. मग हात आपोआप गडद रंग उचलतो, त्यातही गडद, आणि डोळ्यांना ते योग्यच वाटतं. फाइलमध्ये मात्र काळ्यावर काळं साठत जातं.

निळ्याचं कारणही त्याच खोलीत सापडलं. टॅब्लेटवर रात्रीचा पिवळा फिल्टर चालू होता. त्याच सेटिंगवर कलरीमीटरने पडदा मोजला तर पांढऱ्याचं तापमान 3000 केल्विनच्या जवळपास निघालं, आम्ही प्रूफ, म्हणजे चाचणी छाप, तपासतो तो मॉनिटर 6500 वर. पिवळ्या पडद्यावर करडा रंग करडा दिसावा म्हणून ताई नकळत निळा मिसळत राहिल्या होत्या. वर्षभर. 27 च्या 27 चित्रांत.

कारण कळलं म्हणजे इलाजही कळला, असं मी धरून चालले. इथेच माझी चूक झाली.

मी मॉनिटर 100 निट्सवर (पडद्याच्या उजेडाचं माप) कॅलिब्रेट केला, कागदाचं रंग-प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ घेतलं, म्हणजे छापील रूप पडद्यावरच पाहिलं, छटांचा कर्व्ह उचलला, निळा काढला, सावल्या उघडल्या. प्रत्येक चित्रावर तीन-तीन दिवस. काम स्वच्छ होतं, आजही त्यात तांत्रिक खोट काढता येणार नाही. हात दिसू लागला, पेल्यातलं पाणी दिसू लागलं, भिंतीवरचा पोपडासुद्धा. नऊ प्रूफ टेबलावर मांडले आणि ताईंना बोलावलं.

त्यांनी चौदाव्यावर नजर टाकली आणि विचारलं, "दिवा कोणी लावला?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. त्या खोलीत वर्षभर कुणी दिवा लावला नव्हता आणि मी तो लावून टाकला होता. अंगठ्यापाशी जे सात-आठ फटकारे एकमेकांत शिरून हात झाले होते, ते आता सुटे सुटे दिसत होते, शिवण उसवल्यासारखे.

मग मी चकचकीत बाजूला वळले. बरायटा या चकचकीत कागदावर काळ्याची घनता 2.3 पर्यंत जाते, अर्धा टक्काच उजेड परत येतो. मूळ फाइल किंचित उचलून त्यावर छापली. अंधार खोल आला, पायऱ्या टिकल्या, मला ते प्रिंट आवडले होते. पण इतक्या गडद चित्राला चकाकी असली की त्याचा आरसा होतो. ताई समोर उभ्या राहिल्या आणि वडिलांच्या पांघरुणावर त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. ते प्रिंट त्यांनी उलटे करून ठेवले. मीही नंतर बाहेर काढले नाहीत.

पुढचं वळण योगायोगाने आलं. त्या दिवशी शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कुणाच्या तांब्याच्या प्लेटवर शाई लावून ती पुसणं चालू होतं. एचिंगच्या, म्हणजे कोरलेल्या धातूवरून छापायच्या, प्लेटला आधी सगळीकडे काळी शाई चोळतात, मग खळ दिलेल्या जाळीच्या कापडाने, म्हणजे टार्लटनने, ती गोल गोल पुसत आणतात. कोरलेल्या रेषेत शाई राहते, पृष्ठभागावरची निघते. किती काढायची हे पुसणाऱ्याच्या हातात असतं. थोडी मुद्दाम ठेवली की ठशावर करडा पडदा उतरतो. ताई ते बघत उभ्या राहिल्या आणि जरा वेळाने म्हणाल्या, "मला जरा पुसू दे." प्लेटच्या मालकाने दिलं. त्यांनी कापड बाजूला ठेवलं आणि तळहाताच्या कडेने एक जागा उघडी केली. काळ्यातून एक फिकट पट्टा वर आला.

अंधार आधी, उजेड नंतर. रात्रीच्या त्या खोलीत घडत होतं ते नेमकं हेच, आणि स्क्रीनवर ते करायची सोयच नव्हती. तिथे उजेड आधीच असतो.

मुद्राचित्रणात या रीतीला जुनी परंपरा आहे. मेझोटिंटमध्ये सगळी प्लेट आधी खरखरीत करून पूर्ण काळी छापेल अशी करतात आणि मग घासून घासून उजेड काढतात. मेझोटिंटची सुरुवात लुडविग फॉन सीगेनने 1642 मध्ये केली, पण त्याने प्लेटचे हवे तेवढेच भाग खरखरीत केले होते; सगळी प्लेट आधी काळी करायची रीत नंतर आली. रेम्ब्रांटने ख्रिस्ताच्या दफनाची प्लेट 1654 च्या सुमारास केली, तिचे ठसे शेजारी ठेवले तर काही इतके अंधारे की माणसं शोधावी लागतात. तो अंधार काही अंशी कोरलेला आहे आणि काही अंशी न पुसलेली शाई आहे, म्हणून एकाच प्लेटचे दोन ठसे दोन वेळचे वाटतात. फ्रेंच चित्रकार देगाने 1870 च्या दशकात मोनोटाइप, म्हणजे न कोरलेल्या प्लेटवरच्या शाईचे ठसे, करताना संपूर्ण प्लेट शाईने माखली आणि चिंधीने, बोटाने ती काढत आकृत्या उघड्या केल्या. पुढे त्याच ठशांवर तो पेस्टल चढवत असे. ठसा म्हणजे चित्राची नक्कल असं त्याने मानलंच नाही. मी हे सगळं शिकलेली, शिकवलेलीही. तरी टॅब्लेटचं चित्र समोर आलं की माझ्या डोक्यात 'जसंच्या तसं छापणे' एवढंच सुरू झालं होतं. इंकजेट छपाईला 1991 मध्ये जॅक ड्युगान यांनी 'जिक्ले' हे नाव दिलं, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली, पण बहुतांश ठिकाणी त्याचा अर्थ अजून उत्तम नक्कल इतकाच घेतला जातो. मला हे दुःखाचं वाटतं.

आम्ही चित्राची दोन कामांत वाटणी केली. जे फिकं आहे, रंगीत आहे, ते इंकजेट देईल. अंधार देईल प्लेट.

फाइलच्या दोन प्रती केल्या. पहिलीतून काळा काढून टाकला आणि फक्त विरळ रंगांचं धुकं ठेवलं: पांघरुणाची राखाडी, कातडीचा मातकट, पेल्याच्या काठाची एक रेघ. दुसरीतून फक्त गडद छटा घेतल्या, त्या पारदर्शक फिल्मवर छापल्या आणि त्यावरून फोटोपॉलिमर प्लेट केली. या प्लेटवर अतिनील प्रकाश पडतो तिथे ती कडक होते. फिल्मवरच्या काळ्याने झाकलेला भाग मऊ राहतो आणि पाण्याने धुतला की तिथे खळगा होतो. शाई त्या खळग्यात बसते.

पहिली प्लेट फसली. मोठा काळा भाग असेल तर त्याचा एकच पसरट खळगा होतो आणि पुसताना कापड त्याच्या मधली शाई उचलून नेतं. ठशावर कडा काळ्या आणि मध्ये फिकट डबकं. हे होऊ नये म्हणून आधी बारीक ठिपक्यांच्या फिल्मखाली प्लेटला एकदा अतिनील प्रकाश देतात, म्हणजे खळग्यात शाई धरून ठेवणारे कडक कण तयार होतात. ते आम्ही दिलं होतं, पण कमी. वेळ पायरीपायरीने वाढवत सहा चाचणी पट्ट्या केल्या तेव्हा सपाट, मखमली काळा मिळाला.

खरी झुंज कागदाशी होती. इंकजेट कोरड्या कागदावर होतं, एचिंगला कागद ओला लागतो, आणि ओला कागद वाढतो. शिवाय इंकजेटसाठी लेप दिलेला कागद ओला झाला की लेप सुटून प्लेटला चिकटतो. आमचे दोन ताव तसे गेले. म्हणून लेप नसलेला, उबदार पांढरा, ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते द्रव्य) नसलेला एचिंगचा कागद घेतला. अशा कागदात शाई आत शिरते, रंग मलूल पडतात. एरवी ही उणीव. इथे आम्हाला धुकंच हवं होतं. आणि गंमत अशी की कागदाच्या पिवळसरपणाने तो वर्षभराचा निळाही निम्माअर्धा विझवला. उरलेल्यासाठी प्लेटच्या काळ्या शाईत थोडी बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, मिसळली. निळा सॉफ्टवेअरने काढला होता तेव्हा खोली निर्जंतुक वाटत होती. कागदाने आणि शाईने तो दबला तेव्हा थंडीची चाहूल राहिली आणि रात्र उबदारही झाली.

इंकजेटची शाई पिगमेंटची होती म्हणून एक दिवस वाळवल्यावर पाणी लागूनही फुटली नाही. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची, म्हणजे डायची, असती तर सगळं ओघळलं असतं.

आता मापं जुळवायची. चित्राचं माप 400 गुणिले 300 मिलिमीटर ठरवलं. कागद भिजवून टीपकागदात दाबून ठेवला आणि मोजला: 400 मिमीच्या रुंदीत 3 मिमी वाढ, 300 च्या उंचीत जेमतेम 1. कागदातले तंतू ज्या दिशेने जातात त्या दिशेने तो कमी वाढतो, म्हणून हा फरक. तीन मिलिमीटर म्हणजे अंगठ्याची कडा आणि तिची सावली वेगळी पडायला पुरेसे. मग रंगाची फाइल रुंदीत 397 आणि उंचीत 299 मिमीवर छापली, म्हणजे भिजल्यावर ती वाढून प्लेटवर बसावी. सगळे ताव एकाच दिशेने कापले, भिजवायची वेळ घड्याळ लावून सारखी ठेवली. पाचव्या प्रयत्नात अंगठा जागेवर आला. प्रेसमधलं लोकरीचं ब्लँकेट उचलून कागद एका कोपऱ्यातून सोलताना तो ठसा पहिल्यांदा दिसला, तेव्हा ताईंनी माझा दंड घट्ट धरला होता.

एक शंका अनेकांना येईल. मूळ फाइल 2732 गुणिले 2048 पिक्सेलची, म्हणजे 400 मिमी रुंदीला इंचाला 173 पिक्सेल पडतात, आणि सर्वसाधारण दंडक 300 चा. कृत्रिम बुद्धिमत्तेने मोठं करून पाहिलं. त्याने फटकाऱ्यांच्या कडा धारदार केल्या, विरळ जागी न काढलेलं पोत भरलं. ताईंचा हात त्यातून गेला होता. आम्ही साध्या बायक्यूबिक गणिताने मोठं केलं आणि पुढचा बारीकपणा कागदाच्या तंतूंवर सोडला. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी 2011 मध्ये आयपॅडवर काढलेली 51 चित्रं लंडनच्या रॉयल अकॅडमीत 2012 मध्ये मोठ्या आकारात छापून लावली होती. तिथेही लक्षात राहते ती रेघेची खात्री, पिक्सेल कुणी मोजत बसत नाही. अर्थात त्यांची चित्रं लख्ख उजेडाची. आमचा प्रश्न उलटा होता.

प्लेट पुसणं ताईंनी स्वतःकडे ठेवलं. मी शाई लावून टार्लटनने निम्मं पुसून द्यायची, पुढचं त्या. पांघरुणाला तळहात, भिंतीला जुनं मऊ कापड, पेल्याच्या काठाला कापूस गुंडाळलेली काडी. अंगठ्याच्या मुळाशी फक्त करंगळी, एकदाच. दुसऱ्यांदा फिरवली तर हाड दिसल्यासारखं होतं, असं त्या म्हणायच्या. तिथे अनडू नव्हतंच. बिघडलं तर शाई परत लावा आणि पहिल्यापासून पुसा, किंवा बिघडलेलं तसंच प्रेसखाली घाला आणि काय येतं ते बघा. त्यांनी बऱ्याचदा दुसरं केलं.

प्रूफ तपासायच्या आमच्या टेबलावर भरपूर उजेड असतो, नियमानुसार असावाही लागतो. ताईंनी त्याशिवाय एक अट घातली. प्रत्येक ठसा खिडक्या झाकून, एका लहान दिव्याखाली, दहा मिनिटं बसून पाहायचा. पहिल्या मिनिटाला काळं. तिसऱ्याला भिंत आणि पांघरूण वेगळं होतं. सहा-सात मिनिटांनी हात येतो. चित्र काढताना डोळ्यांनी जे केलं होतं तेच बघणाऱ्याच्या डोळ्यांना करावं लागतं. सगळ्यांना दिसेल असं चित्र उजळण्यात मी दोन महिने घालवले होते, आणि गरज होती ती बघणाऱ्याला थांबवण्याची.

27 पैकी 9 चित्रं निवडली, प्रत्येकाचे 12 ठसे. 108 धरले, 31 बाद केले. एडिशनवरून आमचा वाद झाला. प्रत्येक ठसा वेगळा पुसलेला, मग 1/12, 2/12 असं लिहायचं कसं? एडिशन म्हणजे सारखे ठसे, असा माझा आग्रह. शेवटी आकड्यासोबत 'ई. व्ही.' लिहिलं, म्हणजे बदलती एडिशन. ही खूण जुनीच आहे. चौदाव्या चित्राचा चौथा ठसा मला सर्वोत्तम वाटतो, ताईंना नववा. अजूनही.

डिजिटल कामाला चिकटून येणारा दुसरा प्रश्न खरं तर जास्त गंभीर आहे. फाइल कधी झिजत नाही, मग बारावर थांबलो याची हमी काय? प्लेट रद्द करायची तर तिच्यावर आडवी खरोच ओढतात, फाइलवर काय ओढणार? पण इथे वाटणीनेच उत्तर दिलं होतं. रंगाची फाइल पुन्हा कितीही वेळा छापली तरी कागदावर येतं ते फक्त फिकं धुकं, त्यात हात नाही, भिंत नाही. गडद छटांच्या फिल्म आम्ही कापून टाकल्या, नऊही प्लेटवर ताईंनी स्वतः सुईने रेघ मारली आणि त्या रद्द केलेल्या प्लेटचा एक-एक ठसा पुरावा म्हणून काढून ठेवला. मूळ 27 फाइल्स टॅब्लेटवर आहेत. त्या खोलीतल्या अंधारात बघण्यासाठी आहेत, असं त्या म्हणतात.

नवव्या प्लेटवर रिकामा पलंग आहे. घडी केलेलं पांघरूण, तिपाई, पेला पालथा. ही प्लेट सर्वात शेवटी छापली. मी नेहमीप्रमाणे निम्मं पुसून दिलं, कापूस गुंडाळलेली काडी शेजारी ठेवली. ताईंनी ती उचलली, बराच वेळ पेल्याच्या काठापाशी धरून ठेवली आणि परत टेबलावर ठेवली. मग प्लेट तशीच प्रेसवर नेली. बारा ठशांपैकी एकाही ठशात त्यांनी तिथे उजेड काढला नाही.